अपेक्षाभंग कुणी केला?

एप्रिल आला की आमच्या ऑफिसात आंब्याबरोबर अप्रेझलचाही सीझन सुरू होतो. आणि अप्रेझल म्हटलं की कॅन्टीनमध्ये चहाच्या टेबलावर दर दोन मिनिटांनी एक शब्द कानावर पडतो: अपेक्षाभंग. "आठ टक्के दिले रे फक्त. फुल अपेक्षाभंग!" शब्द तसा भारदस्त, संस्कृत वळणाचा. ज्या मंडळींच्या तोंडून 'पुढच्या बुधवारी' असं चुकूनसुद्धा निघत नाही, 'नेक्स्ट वेन्सडे'च निघतं, तीही हा शब्द मात्र अख्खा मराठीत उच्चारतात. मला त्याचं कौतुकच आहे.

पण हल्ली हा शब्द कुठेही चालतो. सिनेमाच्या दुसऱ्या भागाने अपेक्षाभंग केला. चाळीस मिनिटं रांगेत उभं राहून खाल्लेल्या मिसळीने केला. आयपीएलमधल्या आपल्या टीमने तर दरवर्षीचा रतीबच लावलाय. बिल्डरने केला, सरकारने केला, पोटच्या पोराने केला. मिसळ, पोरगा आणि बिल्डर या तिघांचा गुन्हा एकच कसा असेल, हा माझा साधा प्रश्न आहे. माझ्या मते आपण हा शब्द दोन उलट्या ठिकाणी भलताच वापरतो. घरात, जिथे तो फार मोठा होतो. आणि बाहेर, जिथे तो फार लहान पडतो. घरातल्या वापराने माणसं दुखावतात, बाहेरच्या वापराने आपले पैसे आणि वर्षं जातात.

आधी थोडं शब्दाविषयी. शाळेत मी संस्कृत शंभर मार्कांचं घेतलं होतं (स्कोअरिंग म्हणून, भक्ती म्हणून नव्हे), त्यातलं जे काही उरलंय त्यात एक धातू आहे, ईक्ष्. म्हणजे पाहणे. त्याला 'अप' लागला की अपेक्षा, 'उप' लागला की उपेक्षा, 'प्रति' लागला की प्रतीक्षा, 'परि' लागला की परीक्षा. समीक्षा, निरीक्षण हेही त्याच घरातले. सगळी भावंडं पाहणारीच, फक्त प्रत्येकाची नजर वेगळी. कुणी वाट पाहतं, कुणी दुर्लक्ष करतं, कुणी चहूबाजूंनी तपासून बघतं.

आणि गंमत पुढेच आहे. आपण 'माझ्यापेक्षा', 'त्याच्यापेक्षा' म्हणतो ना, त्यातलं 'पेक्षा' म्हणजे ही अपेक्षाच. पुढचा 'अ' गळला आणि ती तुलनेच्या कामाला लागली. हिंदीत अजूनही 'की अपेक्षा' म्हणजे 'च्या तुलनेत'. म्हणजे मराठी माणूस अपेक्षा करतो आणि तुलना करतो तेव्हा तो एकच शब्द दोन कामांना वापरत असतो. व्यापाराच्या पानावर तर 'नफा अपेक्षेपेक्षा कमी' अशी बातमी असते, तिथे हा शब्द एकाच दमात दोनदा येतो. नफा वाढलेला असतो बरं का. तरी शेअर पडतो, कारण 'पेक्षा'.

आमचे आठ टक्के बघा. ईमेल उघडला तेव्हा माणूस साधारण खूश होता. बायकोला मेसेज टाकून झाला, रात्री बाहेर जेवायचं ठरलं. मग शेजारच्या क्यूबिकलमधल्याला बारा मिळाले हे कळलं. आठाचे काही सात झाले नाहीत, बँकेत जमा होणारी रक्कम तीच राहिली, पण दुपारी चारच्या चहाला अपेक्षाभंग हजर! त्यात बेल कर्व्ह लावला की बघायलाच नको. तिथे तुमचं काम कसं झालं यापेक्षा ते कुणापेक्षा कसं झालं याला महत्त्व. मायक्रोसॉफ्टने ही पद्धत २०१३ मध्ये बंद केली. तिची भुतं मात्र बऱ्याच एचआर खात्यांतून अजून फिरत असतात. आणखी एक मजा म्हणजे आमच्याकडे पाचपैकी तीन रेटिंग मिळालं तर त्याचं अधिकृत नाव 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' असं आहे. म्हणजे अपेक्षा पूर्ण केल्या. आणि तीन मिळालेला माणूस आठवडाभर तोंड पाडून बसतो. अपेक्षा पूर्ण केल्याने अपेक्षाभंग होतो, हे फक्त आयटीतच होऊ शकतं :-)

असो. मूळ मुद्दा 'कडून' या शब्दाचा. आशा आणि अपेक्षा यांत फरक काय, असं कुणी विचारलं तर मी 'कडून' दाखवीन. आशा नुसती असू शकते. पावसाची आशा, बरं वाटेल अशी आशा. अपेक्षा नुसती सहसा नसते, तिला समोर कुणीतरी लागतं. मुलाकडून अपेक्षा, सुनेकडून अपेक्षा, मॅनेजरकडून अपेक्षा. हवामान खातं या बाबतीत फार हुशार. ते कधीही 'आमची पावसाकडून अपेक्षा आहे' म्हणत नाही, 'अंदाज' म्हणतं. मग अंदाज चुकतो, पण पावसावर आरोप होत नाही.

आणि आता 'भंग'. याचं खानदान तर थेट पोलीस स्टेशनातलं. नियमभंग, करारभंग, वचनभंग, विश्वासभंग, आचारसंहिता भंग, विधिमंडळातला हक्कभंग. १९३० चा सविनय कायदेभंगसुद्धा कायदा मोडूनच झाला, फक्त उघडपणे आणि शिक्षा भोगायची तयारी ठेवून. यातल्या प्रत्येक ठिकाणी मोडणारा कुणीतरी असतो आणि मोडली जाणारी गोष्ट आधी दोघांनाही माहीत असते. वचन दिलेलं असतं, करारावर सही असते. अपेक्षेचं मात्र तसं नाही. ती एकट्याने, मनातल्या मनात, समोरच्याला न विचारता ठेवता येते. आणि तरीही ती पुरी झाली नाही की तिला 'भंग' हे या घराण्याचं आडनाव मिळतं आणि समोरचा आपोआप आरोपी होतो. आपण म्हणतो 'झाला', पण ऐकणाऱ्याला 'केला' ऐकू येतं.

म्हणून आपल्या आज्यांनी या कामासाठी वेगळे शब्द ठेवले होते. हिरमोड घ्या. पोरांची सहल पावसामुळे रद्द झाली की पोरांचा हिरमोड होतो. कुणाचा दोष नाही, थोडा वेळ ओठ बाहेर येतो, मग भजी तळली की विषय संपतो. विरस त्याहून थोडा मोठ्यांचा, मैफलीतला. पोपट होण्यासाठी प्रेक्षक लागतात. एकट्या माणसाचा पोपट होत नाही. पचकाही तसाच. आणि भ्रमनिरास हा तर माझा लाडका. बरेच जण तो 'भ्रमनिराशा' असा लिहितात, पण तो निराशेतला नाही, तो 'निरास'. निरास म्हणजे दूर करणे. भ्रम दूर झाला. म्हणजे खरं तर पेढे वाटायला हवेत, पण भ्रम दूर झाल्याबद्दल पेढे वाटणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. मिसळ वाईट निघाली तर तो हिरमोड. चार जणांना आग्रहाने नेलं होतं, तर पोपट. त्या हॉटेलची कीर्ती खोटी होती हे कळलं, तर भ्रमनिरास. एवढं सगळं दुकानात असताना प्रत्येक वेळी अपेक्षाभंगच कशाला?

आता घरातला वापर.

टेस्टिंग करणाऱ्यांना माहीत असेल, बग नोंदवताना तीन गोष्टी लिहाव्या लागतात. काय काय केलं, एक्स्पेक्टेड रिझल्ट आणि अ‍ॅक्च्युअल रिझल्ट. यातला 'एक्स्पेक्टेड' टेस्टरच्या मनातला चालत नाही, तो आधी कुठेतरी कागदावर असावा लागतो. नाहीतर डेव्हलपर शांतपणे 'वर्क्स अ‍ॅज डिझाइन्ड' लिहून बग परत पाठवतो. (टेस्टर मंडळी यावर काय म्हणतात ते छापण्यासारखं नाही.)

घरात नेमकं उलट चालतं. लग्नाच्या बायोडेटात 'अपेक्षा' नावाचा एक कॉलम असतो. आपल्या समाजात अपेक्षा लेखी मागण्याचा हा जवळपास एकमेव प्रसंग, आणि तिथे दहातले नऊ जण काय लिहितात? 'अनुरूप.' फार तर 'उच्चशिक्षित, पुणे-मुंबई, नोकरी करणारी'. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याचं लग्नानंतर वर्षभरात जे बिनसलं, ते यातल्या एकाही शब्दावरून नाही. ते रविवारी सकाळी पहिला कोण उठतो यावरून, पगार कुणाच्या खात्यात ठेवायचा यावरून, आणि तिचे आईवडील महिनाभर राहायला आले तर चालेल का यावरून. यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं. कांदेपोह्यांच्या वेळी दोघांना गच्चीवर वीस मिनिटं दिली होती, ती दोघांनी नेटफ्लिक्सवर घालवली. आणि वर्षानंतर दोघांचंही वाक्य एकच होतं: "एवढं सांगायला कशाला हवं? कळायला नको?"

हे 'कळायला नको?' म्हणजे पेपर एकाच्याच हातात असलेली परीक्षा. दुसऱ्याला तो परीक्षेला बसलाय हेसुद्धा माहीत नाही, आणि निकाल मात्र लागतो. दहावीला आपल्याकडे निदान 'एकवीस अपेक्षित' तरी मिळायचं. प्रश्न कुठले येऊ शकतात याचा काही तरी सुगावा. संसारात तेही नाही.

इथे कुणी म्हणेल, सगळंच कागदावर लिहून घ्यायचं का मग? आई काय मुलाकडे एसआरएस डॉक्युमेंट घेऊन बसणार? नाही. काही अपेक्षा न सांगता रास्त असतात, हे मलाही मान्य. पुलाने पडू नये हे टेंडरमध्ये लिहिलेलं नसलं तरी चालतं. माझ्या वडिलांनी तीस वर्षं एसटी आणि लोकल बदलत नोकरी करून आम्हाला शिकवलं. ते आजारी पडले तर मी सुट्टी घेऊन येईन ही त्यांची अपेक्षा सांगायची गरज नाही. तीस वर्षांच्या वागण्याने ती सांगून झालेली आहे. कायद्यातसुद्धा 'लेजिटिमेट एक्स्पेक्टेशन' नावाची कल्पना आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने ती मानलेली आहे. सरकारी यंत्रणेने काही आश्वासन दिलं असेल किंवा वर्षानुवर्षं एखादी गोष्ट एका पद्धतीने केली असेल, तर लोकांनी तीच धरून चालणं वाजवी ठरू शकतं. म्हणजे तिथेही नुसतं 'मला वाटलं होतं' पुरत नाही. समोरच्याच्या बोलण्यात किंवा वागण्यात त्याला काही आधार दाखवावा लागतो. वडिलांच्या अपेक्षेला तो आधार आहे. पण मी अमेरिकेला जावं, किंवा जाऊ नये, किंवा जाऊन तीन वर्षांत परत यावं, याला तो नाही. तिथे मी माझ्या मर्जीने ठरवलं तर त्यांचा हिरमोड होईल. होऊ दे. हिरमोडाबद्दल एकमेकांशी बोलता येतं, त्यात कुणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागत नाही.

हा झाला शब्द मोठा करून वापरण्याचा प्रकार. दुसरा प्रकार मला जास्त टोचतो.

आमच्या टीममधल्या एकाने रावेतला फ्लॅट बुक केला. करारात पझेशनची तारीख होती डिसेंबर २०२२. ती गेली, पुढचा गणपती गेला, दिवाळी गेली. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे बँकेचे हप्ते. हा दर महिन्याला बिल्डरच्या ऑफिसला एक सुंदर इंग्रजी ईमेल पाठवायचा, 'आय अ‍ॅम डीपली डिसअपॉइंटेड'. तिकडूनही तितकंच सुंदर उत्तर यायचं की सर, आम्ही तुमच्या भावना समजू शकतो. आणि खरंच, भावनांना भावनांनी उत्तर दिलं, व्यवहार पूर्ण झाला! कॅन्टीनमध्ये आम्ही पण म्हणायचो, अपेक्षाभंग झाला बिचाऱ्याचा.

अरे, अपेक्षाभंग कसला? सही-शिक्क्याचा करार आहे. १ मे २०१७ पासून रेराचा कायदा पूर्णपणे लागू झालाय, त्याचं कलम १८ नेमकं याचसाठी आहे. करारातल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर ग्राहक प्रकल्पातून बाहेर पडून आपले पैसे व्याजासह परत मागू शकतो; आणि थांबायचं ठरवलं, तर ताबा मिळेपर्यंत उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागू शकतो. महाराष्ट्राच्या नियमांत व्याजाचा दरही ठरलेला आहे, स्टेट बँकेचा सर्वांत जास्तीचा एमसीएलआर अधिक दोन टक्के. आणि हे काही आकाशातून २०१७ मध्ये पडलं नाही. १९६३ च्या मोफा कायद्यातही वेळेवर ताबा न दिल्यास पैसे व्याजासह परत करण्याची तरतूद होती. पन्नास वर्षं आपण कायदा असूनही 'पझेशन लांबलं हो' म्हणत बसलो. घर लांबत नाही, ते कुणीतरी लांबवतं.

शेवटी त्याने डीपली डिसअपॉइंटेड सोडून चार ओळींचं पत्र लिहिलं. कराराची तारीख, उलटलेले महिने, कलम १८, व्याजाची रक्कम. त्यात एकही भावना नव्हती. दहा दिवसांत फोन आला, आणि शेवटच्या हप्त्यातून काही रक्कम कमी झाली. पूर्ण नाही. महारेराकडे गेला असता तर कदाचित पूर्ण मिळाली असती, कदाचित वसुलीच्या वॉरंटमागे दोन वर्षं पळावं लागलं असतं. आदेश मिळणं आणि पैसे मिळणं यांत अंतर असतं हे पुण्यात कुणालाही विचारा. पण शब्द बदलल्यावर समोरच्याचा सूर बदलला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं.

नोकरीच्या बाबतीत मात्र असं हाताशी धरायला कलम १८ नाही. माझा मामेभाऊ २०२२ चा पासआउट. सांगलीकडच्या कॉलेजात कॅम्पसमधून एका मोठ्या कंपनीत लागला. पॅकेज तेच ते साडेतीन लाखांच्या आसपासचं, जे गेली दहा-पंधरा वर्षं जागचं हललेलं नाही. तरी घरात आनंदीआनंद. कॉलेजचा नियम होता, एक मुलगा एक नोकरी. म्हणजे ऑफर हातात आल्यावर पुढच्या कुठल्याही कंपनीला बसायचं नाही. तो बसला नाही. कागदपत्रं दिली, ऑनलाइन ट्रेनिंगचे कोर्स पूर्ण केले, सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंटसाठी जामीनदार शोधला. मग जूनमध्ये ईमेल आला, 'एक्स्पेक्टेड डेट ऑफ जॉइनिंग' ऑक्टोबर. ऑक्टोबरमध्ये आला, पुढच्या तिमाहीत, बिझनेसच्या गरजेनुसार. त्या बॅचच्या देशभरातल्या कित्येक मुलांना असंच वर्ष-दीड वर्ष, काहींना त्याहूनही जास्त थांबावं लागलं. २००८-०९ च्या मंदीतही हेच झालं होतं, तेव्हाचे सीनियर सांगतात.

मामांचं कराडला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस व्यवहाराला पक्का. होलसेलवाल्याने सोमवारी माल देतो म्हणून गुरुवारी दिला तर मामा एकच वाक्य बोलतात, "शब्द फिरवला त्यानं." आणि पुढचा माल दुसऱ्याकडून. तेच मामा मला फोनवर सांगत होते, "पोराचा अपेक्षाभंग झाला बघ." मी थक्क झालो. होलसेलवाल्याने शब्द फिरवला, आणि एवढ्या मोठ्या कंपनीने फिरवला तर पोराचा अपेक्षाभंग? जणू चूक पोराच्या अपेक्षेतच होती.

मला वाटतं हे लेटरहेडमुळे होतं. इंग्रजी कागद, काचेची बिल्डिंग, टीव्हीवर दिसणारा मालक. असल्या पार्टीला 'शब्द फिरवला' म्हणायला जीभ वळत नाही. आणि कंपनीला हे बरोबर ठाऊक असतं. तिच्या पत्रात मुलाने करायच्या सगळ्या गोष्टी 'शाल' आणि 'मस्ट'ने लिहिलेल्या असतात: अमुक महिने सोडायचं नाही, सोडलं तर इतके हजार भरायचे. कंपनीने करायच्या गोष्टी मात्र 'एक्स्पेक्टेड' आणि 'टेंटेटिव्ह'. त्यामुळे वकिलाकडे गेलात तर तो म्हणणार, कागदावर भंग झालेलाच नाही. खरं असेल. पण व्यवहार कागदाच्या बाहेरही झालेला असतो. या मुलाने बाकीची दारं बंद केली ती कुणाच्या शब्दावर? त्याने त्याच्या बाजूची बोली पाळली, दुसऱ्या बाजूने नाही. याला अपेक्षाभंग म्हणून आपणच कंपनीचं काम सोपं करतो.

मामेभाऊ वर्षभर घरी बसला. शेजाऱ्यांच्या 'मग कधी जॉइन?'ला उत्तर देऊन कंटाळला आणि २०२३ च्या पावसाळ्यात पुण्यात एका चाळीस माणसांच्या कंपनीत लागला. पगार थोडा कमी, पण तारीख सांगितली होती एक ऑगस्ट आणि ती एक ऑगस्टच निघाली. तिथे त्याचं बरं चाललं होतं. मग २०२४ च्या फेब्रुवारीत मोठ्या कंपनीचा ईमेल आला. 'यू आर एक्स्पेक्टेड टू रिपोर्ट', सात दिवसांत, कागदपत्रांसह. न आल्यास उमेदवाराला रस नाही असं धरलं जाईल.

त्याने दोन ओळींचं उत्तर पाठवलं. सध्याच्या ठिकाणी माझा नोटीस पीरियड तीन महिन्यांचा आहे, आणि माझी एक्स्पेक्टेड डेट ऑफ जॉइनिंग टेंटेटिव्ह असून ती यथावकाश कळवण्यात येईल. मला फॉरवर्ड केलं, मामांना मराठीत वाचून दाखवलं. मामांनी ते नीट ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग हळूच विचारलं, "एवढ्या मोठ्या कंपनीला असलं लिहिलेलं चालतंय का?"